‘घरात कुणालाच नव्हता’ हा पुरावा नव्हे

रक्तवाहिन्यांच्या दाहाबद्दलचा एक मजकूर सध्या भराभर पुढे पाठवला जातोय. त्याचं सार असं: आजार आनुवंशिक असेल तर घरात आधी कुणाला तरी झालेला असतोच. लहान मुलाला पक्षाघात झाला तर रक्त पातळ करणारी गोळी पुरते. जनुकाची चाचणी चांगली आली की विषय संपला. आणि दोष जनुकातच असेल तर औषधाचा उपयोग नाही. डाडा-२ या रक्तवाहिन्यांना दाह करणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक आजारापुढे यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी घराण्याचं बघू. डाडा-२ मध्ये २२व्या गुणसूत्रावरच्या एडीए-२ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. त्या दोघांकडे प्रत्येकी एक धड प्रत असते, म्हणून ते सहसा ठणठणीत असतात. आजी-आजोबांपर्यंत चौकशी करा, हाती काही लागणार नाही. असे दोन वाहक आईबाप झाले की दर खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. जॉर्जिया या देशातून आलेल्या ज्यू समाजात दहातला साधारण एक जण एकाच ठरावीक दोषाचा वाहक आहे. २०१४ साली हा आजार प्रथम नोंदला गेला, त्यात या समाजातली कुटुंबं होती.

‘भावाला कुठे काय झालंय?’ हाही त्याच मजकुरातला प्रश्न. अगदी तोच दोष असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला बालपणीच पक्षाघात होतो आणि दुसऱ्याच्या कातडीवर नुसती जाळीदार निळसर नक्षी उमटते. असं का होतं, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

गोळीचा सल्ला मात्र मला सर्वांत धोक्याचा वाटतो. इथे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीच सुजलेल्या असतात. त्या बंद पडतात तशा फुटूही शकतात. म्हणून डाडा-२ चं निदान झाल्यावर तज्ज्ञ अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शक्यतो टाळतात. (चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं हाही तितकाच वेडेपणा, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.)

चाचणीबद्दल थोडक्यात: जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर नेहमीच्या चाचणीतून तो निसटू शकतो. संशय उरलाच तर याच जनुकावरून बनणाऱ्या एडीए-२ विकराची (एन्झाइमची) रक्तातली क्रिया मोजतात.

आणि ‘औषध नाही’? टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत १५ रुग्णांना आधी मिळून ५५ वेळा पक्षाघाताचे झटके आले होते. ही औषधं सुरू झाल्यावर एकही आला नाही. गट छोटा आहे, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. अस्थिमज्जाच रक्तपेशी बनवेनाशी झाली तर मात्र ही इंजेक्शनं बहुधा पुरत नाहीत आणि प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. त्या वेळी दाता म्हणून पुढे आलेल्या, एकही लक्षण नसलेल्या भावंडाचीही जनुकचाचणी आधी करावी लागते.