रिमिक्समध्ये वाजवणारा माणूस ऐकू यायला हवा

सेंट जर्मेनचा 'टूरिस्ट' ज्यांना आवडतो त्यांनी त्याचा २०२१ चा रिमिक्स अल्बम 'ट्रॅव्हल व्हर्जन्स' पण ऐका. आणि हेडफोन लावून, निवांत ऐका, लोकलच्या खडखडाटात त्यातलं निम्मं हाती लागणार नाही.

सेंट जर्मेन म्हणजे लुडोविक नव्हार, हाऊस म्युझिक, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, करणारा फ्रेंच माणूस. मूळ अल्बम २००० चा, तोही जॅझसाठी नावाजलेल्या ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीकडून. त्यातलं 'रोझ रूज' बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेलं असतंच, मागे ती सिंबल्सची सळसळ चालू असते ना, ती जॅझवाल्या डेव्ह ब्रुबेकच्या १९५९ च्या 'टेक फाइव्ह'मधून उचललेली, म्हणजे हात ड्रमर जो मोरेलोचे. मूळ गाणं पाच मात्रांचं, हे सरळ चार मात्रांत बसवलंय, नाचायला. वर गायिका मार्लेना शॉचा एका लाइव्ह कार्यक्रमातला आवाज. पण अल्बम नुसता असा जोडकामाचा नाही, त्यात माणसं प्रत्यक्ष वाजवतायत. 'सो फ्लूट'मधली एदुआर लाबोरची फ्लूट ऐका, सुरात फुंकर मिसळलेली, श्वास घेतलेला कळतो अक्षरशः.

रिमिक्सवाल्याची खरी परीक्षा इथेच होते असं माझं ठाम मत आहे. बीट बदला, बेस फुगवा, गाणं दहा मिनिटं ताणा, काय वाट्टेल ते करा, पण तो श्वास पुसू नका राव. 'ट्रॅव्हल व्हर्जन्स'मध्ये जिथे सगळं क्लबच्या एका मापात कापलंय ते मी एकदा ऐकून सोडून दिलं, आणि जिथे बीट विरळ करून वाजवणाऱ्याला मोकळी जागा दिलीय ते अजून लूपवर चालू आहे.

आता आपल्या मुंबईचं. इथे रिमिक्स म्हणजे जुन्या गाण्याखाली धाडधाड बीट, २००० नंतरची ती व्हिडिओवाली लाट आठवा. लोक चिडले ते गायिकेचा आवाज बिघडवला म्हणून, आणि बरोबरच चिडले. पण त्या गाण्यातला ट्रम्पेट, सॅक्सोफोन? तो कुणाचा होता हे विचारलंच नाही कुणी. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर अण्णा, पुणतांब्याचे, त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेटचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारा जबरदस्त ट्रम्पेटवाला. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा असे कितीतरी गोव्याचे लोक फिल्मी गाण्यांत जॅझ भरत होते आणि रेकॉर्डच्या कव्हरवर नाव फक्त संगीतकार, गीतकार, गायकाचं. आधी नाव नाही, मग रिमिक्समध्ये वाजवणंही बीटखाली गाडलं!

एखाद्या पोराने लॅपटॉपवर तो ट्रम्पेट सुटा करून, नावासकट पुढे आणला तर मी तो अल्बम पैसे देऊन घेईन. तोवर एक करा, तुमच्या घरात, चाळीत, वाड्यात कुणी त्या काळी रेकॉर्डिंगला वाजवायला जात असेल तर कुठल्या गाण्यात काय वाजवलं ते त्यांना विचारून घ्या आणि त्यांची हरकत नसेल तर इथे लिहा.