पांढऱ्या वाइनची तोंडी परीक्षा

घोट गिळला रे गिळला की टेबलाभोवतीचे सगळे तुमच्या तोंडाकडे बघायला लागतात. "छान आहे" म्हणालात तर अडाणी ठरता, "जिभेवर रेंगाळते" म्हणालात तर कुणीतरी विचारतंच, "किती वेळ?" त्यात ग्लासात फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या मर्सो गावची, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली भरदार शार्डने (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) असली, की फजितीला वाव जास्त.

पहिला घात यजमान करतो. बाटली फ्रिजमधून थेट टेबलावर. ४ अंशांना वास गोठून बसतो आणि जिभेला नुसता आंबटपणा लागतो. अशा वाइनला १० ते १३ अंश लागतात, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढावी. मे महिन्यात १५ मिनिटं पुरे. वर बर्फ मागणारा पाहुणा असतोच. त्याच्याशी वाद घालू नये, त्याला बिअर द्यावी.

ग्लासात ५० मिली पुष्कळ झाली. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघा. सोनेरी चालेल, तपकिरी झाक आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास असेल, तर वाइनला हवा लागलीय. काचेवरचे ओघळ बघून "वा!" म्हणणाऱ्याला म्हणू द्या. ते अल्कोहोलचं काम, दर्जाशी त्याचा संबंध नाही.

मग वास. आधी ग्लास न हलवता, नंतर फिरवून. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलंय, बाटली परत करा. जळलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास मात्र बऱ्याचदा दहा मिनिटांत उडतो, तेवढा धीर धरा. लोणी आठवलं तर घाबरू नका: जिवाणू सफरचंदातलं कडक आम्ल दुधातल्या मवाळ आम्लात बदलतात, तेव्हा डायअसेटिल नावाचं द्रव्य तयार होतं, त्याचा तो वास. व्हॅनिला आणि लवंग येते ती २२८ लिटरच्या पिंपाच्या लाकडातून. पण फळाचा पत्ताच नसेल तर, माझ्या मते, आपण सुतारकाम पितोय.

घोट तोंडभर घोळवा आणि ओठांतून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो; बशीतला चहा फुर्र करून पिणाऱ्या आजोबांसारखा, अगदी तसाच. वजन जिभेच्या मध्यावर जाणवतं, आंबटपणा गालांच्या आत पाणी सुटण्यावरून कळतो. पाणी सुटलंच नाही तर वाइन जाड आहे, पण गुळमुळीत. मग थुंका. पाच-सहा वाइन रांगेत असताना जो लाजून गिळतो, त्याचं चौथ्या ग्लासापासूनचं मत धरू नये. थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मनात मोजा, म्हणजे त्या "किती वेळ?"ला उत्तर तयार.

लेबल झाकलेलं असेल तर फार आत्मविश्वास दाखवू नका. १९७६ साली पॅरिसमध्ये, अशाच लेबल झाकलेल्या फ्रेंच विरुद्ध कॅलिफोर्निया स्पर्धेत, एका फ्रेंच परीक्षकानं घोट घेतला आणि "अहाहा, परत फ्रान्समध्ये आलो!" म्हणून सुस्कारा सोडला. ग्लासात कॅलिफोर्नियाच्या नापाची शार्डने होती. त्या दिवशी पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली तीही नापाचीच, शातो मॉन्टेलेना वायनरीची १९७३ची, मर्सो दुसरी.

आणि जे वाटेल ते शेजाऱ्यानं तोंड उघडण्याआधी कागदावर लिहून टाका. एकानं "अननस" म्हटलं की टेबलावरच्या प्रत्येकाला अननसच लागतो.