डिकी पुढे असते

सिग्नलला उभं असताना शेजारच्या गाडीतून कुणी ‘काच खाली घ्या’ अशी खूण केली, की चारचौघांच्या मनात काय येतं? टायर बसला असेल. दारात ओढणी अडकली असेल. मघाशी आपण कुणाला तरी कट मारला असेल आणि आता तो हिशेब चुकता करायला आला असेल. माझ्या मनात हल्ली यातलं काहीच येत नाही. मला एवढाच प्रश्न पडतो, की आता ‘थँक्यू’ म्हणायचं की नुसतं हसायचं?

माझ्याकडे १९७२ची फोक्सवॅगन बीटल आहे. काकांची होती, त्यांच्या माघारी माझ्याकडे आली. म्हणजे यात माझं कर्तृत्व शून्य. मी ती बांधली नाही, शोधून काढली नाही, पसंतसुद्धा केली नाही. फिक्कट पिवळा रंगही काकांचाच. पण गेली सहा वर्षं रस्त्यात भेटेल तो अनोळखी माणूस माझं असं अभिनंदन करतो, की जणू नुकतंच मला बाळ झालंय.

सुटका नाही. गाडीला एसी नाही, त्यामुळे काचा कायम खाली. काचा खाली असलेला माणूस आणि दार उघडं टाकलेलं घर यांत लोक फरक करत नाहीत. बरं, पळून जावं म्हटलं तर इंजिन १३०० सीसीचं आणि ताकद ४४ घोड्यांची. मोकळ्या रस्त्यावर एखादी गाडी शेजारी येऊन रेंगाळते, आतला माणूस फोन बाहेर काढून शूटिंग करतो, हात हलवतो, अंगठा दाखवतो, आणि मी ॲक्सिलरेटर तळाला टेकवून जागच्या जागी असल्यासारखा त्याच्या शेजारून चालत राहतो. त्याचं समाधान झालं की तो निघून जातो. मी ठरवून काही होत नाही.

त्यात हॉर्नची एक वेगळीच पंचाईत. साध्या गाडीत बसलेल्या माणसाला हॉर्न ऐकू आला की अर्थ स्पष्ट असतो: बाजूला हो. मला मात्र दोनदा छोटं ‘टिट-टिट’ झालं तर ते कौतुक आहे की शिवी, हे मागे वळून चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षी मी प्रत्येक हॉर्नला दचकायचो. दुसऱ्या वर्षी प्रत्येक हॉर्नला हात हलवू लागलो. ही सवय फार वाईट, हे पुढे येईलच.

खरा त्रास उत्तराचा आहे. लहानपणी आपल्याला नमस्कार शिकवला, पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला शिकवले, पण कुणी कौतुक केलं तर काय बोलायचं हे कुणी शिकवलं नाही. ‘थँक्यू’ म्हटलं तर आपणच वेल्डिंग केल्यासारखं वाटतं. म्हणून मी घरच्या वळणावर गेलो आणि एकाला म्हणालो, “कसलं काय हो, म्हातारी झालीये आता.” तो माणूस दुखावला. “असं म्हणू नका,” तो म्हणाला, आणि सिग्नल सुटेपर्यंत माझ्या गाडीची बाजू माझ्याचविरुद्ध मांडत राहिला. पुढच्या वेळी घाईघाईत तोंडून निघून गेलं, “तुमचीपण छान आहे.” समोरचा गृहस्थ पायी होता.

बायको शेजारी असली की आणखी एक परीक्षक वाढतो. “तुला काय म्हणाला रे तो?” “छान आहे म्हणाला.” “गाडी.” “हो, गाडीच.” “नाही, तुझा चेहरा बघून वाटलं दुसरंच काही म्हणाला.”

गंमत अशी, की ही गाडी कुणी वळून बघावी म्हणून जन्माला आलेलीच नाही. फोक्सवॅगन या नावाचाच अर्थ जनतेची गाडी. १९३८ पासून २००३ पर्यंत दोन कोटी दहा लाखांहून जास्त बीटल बनल्या. शेवटची ३० जुलै २००३ला मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. माझी गाडी ज्या वर्षीची, त्याच वर्षी, म्हणजे १७ फेब्रुवारी १९७२ला, १,५०,०७,०३४वी बीटल तयार झाली आणि फोर्डच्या मॉडेल टीचा सर्वाधिक गाड्या बनण्याचा विक्रम मोडला. म्हणजे माझी ही पिवळी तेव्हा गर्दीतली अगदी गर्दीच असणार. काकांना कुणी सिग्नलला थांबवून ‘वा!’ म्हटलं असेल असं मला वाटत नाही. आज जे कौतुक माझ्या वाट्याला येतं ते बाकीच्यांनी आपापल्या गाड्या भंगारात घातल्या म्हणून. आणि त्यातले निम्मे लोक मलाच येऊन सांगतात, “आमच्याकडे होती हो. उगाच काढली.”

कौतुक करणाऱ्यांत मुलं मला सगळ्यांत सरळ वाटतात. त्यांना मॉडेल, साल, ॲव्हरेज कशाशी देणंघेणं नसतं. एका छोट्या मुलीनं गाडीकडे बोट करून जोरात जाहीर केलं, “बेडूक!” तिची आई ओशाळली, मुलीला दटावू लागली. मी म्हटलं, राहू द्या, इंडोनेशियात या गाडीला बेडूकच म्हणतात, आणि तुर्कस्तानात कासव. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की ती दटावणी आता मला मिळणार. मुलांचा आणखी एक प्रकार आहे तो मला फार उशिरा कळला. बीटल दिसली की आधी बघणाऱ्यानं शेजारच्याला गुद्दा घालायचा, असा एक खेळ जगात बऱ्याच ठिकाणी चालतो. मी हे वाचलं आणि मग आठवलं, की एकदा पुढच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन भाऊ मला बघून बेदम आनंदानं एकमेकांना बुकलत होते, आई मागे वळून ओरडत होती, आणि मी त्यांना प्रेमानं टाटा करत होतो.

दुसऱ्या टोकाला जाणकार. जाणकार ‘छान’ म्हणत नाही. तो आधी एक फेरी मारतो. “बहात्तरची? बरोबर, मागची काच बहात्तरला मोठी झाली.” मी खूश. मग तो वाकतो. “मागचे दिवे मात्र बदललेत. हे हत्तीच्या पायासारखे मोठे गोल दिवे त्र्याहत्तरच्या मॉडेलला आले.” माझा चेहरा पडतो. दिवे बदलले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, पण पकडल्यासारखं वाटतं. निघताना तो खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “बाकी चांगली ठेवलीत.” त्या ‘बाकी’वर मी आठवडाभर कुढतो.

या दोघांच्या मधला जो जनसमुदाय आहे त्याचा प्रश्न ठरलेला: “इंजिन कुठंय?” मागे. “मग डिकी?” पुढे. “आणि रेडिएटर?” नाहीच. इंजिन हवेवर थंड होतं, पाणी लागत नाही. मग मी आपणहून माझा हुकमी एक्का काढतो: काच धुवायच्या पाण्याला मोटर नाही, ते पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर उडतं. इथे ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि मला क्षणभर वाटतं, की ही युक्ती मलाच सुचली होती. ‘डिकी पुढे असते’ हे वाक्य सहा वर्षांत मी इतक्या वेळा म्हटलंय, की परवा बायकोच्या साध्या गाडीत सामान ठेवताना मी बॉनेट उघडून उभा राहिलो.

तर एका रविवारी मी पेट्रोल भरायला थांबलो. टाकी ४० लिटरची, म्हणजे एखाद्याचं अर्धं आयुष्य ऐकून होईल एवढा वेळ. एक आजोबा आले. काही बोलले नाहीत. त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. मग विचारलं, “बसू?”

मी दार उघडलं. ते आत बसले, डोळे मिटून त्यांनी एक खोल श्वास घेतला. जुन्या बीटलच्या आत एक वास असतो. सीटमधला काथ्या, घोड्याचे केस, तापलेलं रेक्झिन, असा सगळा मिळून. धुऊन जात नाही आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत येत नाही. आजोबा तो वास घेत बसून राहिले. नंतर त्यांनी दार ओढलं, ते लागलं नाही. आतली हवा कोंडते म्हणून या गाडीचं दार बंद काचांनी नीट लागत नाही, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पाहुण्याला समजावतो. पंपावर धूळ म्हणून त्या दिवशी नेमक्या काचा वर होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी न बघता हात खाली नेला, हँडल दोन बोटं फिरवून काच जराशी उतरवली आणि दार लावलं. खट्. मग उगाचच उघडून पुन्हा एकदा लावलं. खट्.

मी त्या दिवशी काही समजावून सांगितलं नाही. इंजिन बघायचंय म्हणाले म्हणून मागचं झाकण तेवढं उघडलं. स्प्रिंगनं ते आपोआप वर उभं राहतं. त्यांनी चालू करायला लावलं, कान देऊन ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि “चला” म्हणून निघून गेले. मी जरा हलल्यासारखा झालो होतो. झाकण लावलं. म्हणजे, लावलं असं मला वाटलं.

त्यानंतर घरी येईपर्यंत गाडीला जो प्रतिसाद मिळाला तो अभूतपूर्व होता. पहिल्याच चौकात स्कूटरवरच्या जोडप्यातल्या मुलीनं मागे वळून वळून हात केले. मीही केले. एका टेम्पोवाल्यानं ओलांडताना ‘टिट-टिट-टिट’ केलं. तीनदा म्हणजे फारच आवडली. सहलीच्या बसमधली सगळी मुलं एका बाजूच्या खिडक्यांना लटकून ओरडत होती. मी गाडी हळू केली, नीट बघू द्यावी म्हणून. पुढच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं शिटी वाजवून हात वर केला. सिग्नल हिरवा होता, म्हणजे थांबवायचं काही कारण नव्हतं. मी त्याला सलाम ठोकून पुढे गेलो. मनात म्हटलं, आज काका हवे होते.

शेवटच्या सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन थांबला. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, “काका, डिकी उघडी आहे!”

मी पुढे पाहिलं. डिकी नाकासमोर, व्यवस्थित बंद. मला त्या पोराची दया आली. किती जणांचा हा गैरसमज असतो!

“डिकी बंद आहे रे बाळा,” मी म्हणालो. “या गाडीची डिकी पुढे असते.”

“अहो, मागची!”

“मागे डिकी नसतेच. मागे इंजिन असतं.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “मग इंजिन उघडं आहे.”

मी उतरून मागे गेलो. झाकण अर्धं वर येऊन डुलत होतं. आत पट्टा फिरताना दिसत होता. आरशात हे दिसायला हवं होतं. खरं तर दिसलंही असेल. पण मी आरशात झाकण बघत नव्हतो, मागच्यांचे चेहरे बघत होतो. तिथं उभ्या उभ्या मला ती स्कूटरवरची मुलगी आठवली. टेम्पोवाला आठवला. पन्नास मुलांनी जीव तोडून ओरडावं आणि मी त्यांना नीट दिसावं म्हणून वेग कमी करावा! पोलिसाचा विचार मी तिथंच थांबवला.

दोन्ही हातांनी दाबून झाकण लावलं. खटका बसला का, तीनदा ओढून पाहिलं. बसायला वळतो, तोच मागून ‘टिट-टिट’.

या वेळी मी हात हलवला नाही. आधी झाकण पुन्हा तपासलं. मग वाकून चारही चाकं पाहिली. सायलेन्सर जागेवर होता. नंबरप्लेट होती. दारात काही अडकलेलं नव्हतं. शर्टाची बटणं चाचपली. शेवटी हात जोडून मागच्या गाडीपाशी गेलो. आत एक बाई होत्या.

“काय झालं, ताई? काय राहिलंय?”

“अहो, काही नाही,” त्या म्हणाल्या, “गाडी छान आहे, एवढंच सांगायचं होतं.”

तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला होता.