‘तमाशा’ म्हणण्याआधी एक बी चावून बघा

नाशिकच्या द्राक्षतोडणीच्या उत्सवावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “पायाने द्राक्षं तुडवणं हा पर्यटकांसाठीचा तमाशा. मुंबईत बसून लिहिणाऱ्यांना बागेतलं काय कळतं? आणि नाशिकला वाइनची परंपरा कसली?”

मतभेद असू द्यात, पण “मुंबईत बसून” ही काय भाषा झाली? पंधरा मोसम दिंडोरी-निफाडच्या बागा पायाखाली घातल्यात आणि दर उन्हाळ्यात घरी वाइनची बरणी लावतो. ज्याला जे विचारायचं ते त्याने सरळ विचारावं, पत्ता काढू नये.

एक चूक कबूल. तोडणी फेब्रुवारीत सुरू होते असं मी लिहिलं. पांढऱ्या वाइनची द्राक्षं जानेवारीपासूनच उतरू लागतात. उत्सवातल्या टबातला रस सहसा बाटलीत जात नाही, हेही खरं.

पण म्हणून तुडवणंच तमाशा कसं ठरतं? सगळा खेळ बीचा आहे. बीत कडू, तुरट टॅनिन असतं. तळपायाखाली मणी फुटतो, साल सुटते, गर निसटतो आणि बी अख्खी राहते. तेच मिक्सरमधून काढा. पातं बी चिरतं आणि तो कडवटपणा पुढे वर्षभर ठेवूनही जाता जात नाही. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यात पोर्ट नावाच्या गोड वाइनसाठी आजही काही ठिकाणी दगडी हौदात द्राक्षं पायानेच तुडवतात. वायनरीतल्या क्रशरच्या, म्हणजे मणी फोडणाऱ्या यंत्राच्या, रोलरांमधली फटही मणी फुटावा, बी फुटू नये अशीच लावलेली असते. म्हणजे यंत्र पायाचंच काम करतं.

तुडवून झाल्यावरच खरं काम सुरू होतं. काळ्या द्राक्षाचा गर बहुतेक वेळा आतून फिकाच असतो, रंग सालीत. म्हणून साल रसात पाच-सात दिवस राहू द्यावी लागते. आंबताना वायू साली वर ढकलतो, वर जाड थर धरतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबला नाही तर वरचा भाग सुकतो, हवेतले जिवाणू बसतात आणि बरणीत व्हिनेगर तयार होतं. मुंबईत मार्च-एप्रिलला बरणी खोलीतल्या गार कोपऱ्यात ठेवा. रस पस्तीस अंशांच्या वर गेला की यीस्ट मरगळतं, आंबणं अर्धवट राहतं आणि साखर तशीच उरते.

वाशीच्या बाजारातून आणलेली खायची द्राक्षं साधारण अठरा ब्रिक्सची (म्हणजे रसात वजनाने सुमारे अठरा टक्के साखर) असतात, वाइनच्या जातींची बावीस-चोवीस. फरक भरायला दहा लिटर रसाला साधारण साडेपाचशे ते साडेआठशे ग्रॅम साखर लागते. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखरेची एक टक्का दारू होते, हा हिशेब धरायचा. अंदाजाने ओतलेल्या साखरेने काय होतं ते नाताळातल्या घरगुती वाइनमध्ये चाखायला मिळतंच.

परंपरेबद्दल लांबण लावत नाही. एप्रिलची वेलाला नवी फूट आणणारी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची घड धरायला लावणारी गोडी छाटणी आणि हिवाळ्यात भरलेला घड, हे वेळापत्रक इथल्या बागायतदारांनीच हवेशी झगडून बसवलंय. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे, तेवढं पाहून घ्या.

बागेत पुढच्या वेळी जाल तेव्हा पिकलेला मणी फोडून बी चावा. तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर घड तोडायला आलाय. हिरवी असेल तर ती फुटल्यावर जीभ किती वेळ तुरट राहते, ते तुम्हीच मोजा.