जुना बेस ‘मुरतो’ म्हणजे काय: निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्देसूद आहे. तुमचं म्हणणं असं: मिरजेच्या तंबोऱ्यासारखाच जुन्या बेस गिटारचा आवाजही मुरलेल्या लाकडाचा, आणि मी त्याचं श्रेय तारांना देतो, माझं वाचून फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावल्या तर बेस वाजवायला जड झाला, आणि ट्रस रॉडला (मानेचा वाक सावरणाऱ्या आतल्या सळईला) हात लावायला सांगून मी लोकांचे जुने बेस मोडायला लावतोय.

मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला इथे चालत नाही. तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली स्वतः हवा हलवतात, त्यामुळे लाकडाचं वाळणं थेट ऐकू येतं. फेंडर कंपनीचा प्रिसिजन (१९५१) किंवा जॅझ बेस (१९६०) म्हणजे भरीव फळी. पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबक-गुंडाळीला, कळते ती पोलादी तारेची हालचाल. लाकूड तारेची ताकद कुठेतरी खातं, हे खरं. सगळ्यात बारीक जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतो, तो त्यामुळेच. पण तो दोष नव्या बेसमध्येही असतो आणि वयाने जात नाही.

आणि एक हिशोब करा. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जॅमर्सन, त्याचा प्रिसिजन १९६२ चा. मोटाऊनच्या ज्या रेकॉर्डिंगांवरून आपण ‘व्हिंटेज टोन’ म्हणतो, त्यातली बरीचशी साठच्या दशकातली. म्हणजे तेव्हा बेस होता जेमतेम काही वर्षांचा. मुरायला वेळ कुठे मिळाला? त्यावर होत्या जाड फ्लॅटवाउंड तारा, कधी न बदललेल्या, आणि ब्रिजच्या (घोडीच्या) कव्हरखाली फोम. तुमच्या बेसवरही ब्रिजलगत तारांखाली बोटभर रुंद फोमची पट्टी सरकवून टोन नॉब अर्ध्यावर आणा, मग लाकडाबद्दल बोलू.

जुन्या पिकअपचा वाटा मात्र मी नाकारत नाही. मल्टिमीटर २० के-ओहमवर ठेवून मोजा: प्रिसिजनचा साधारण १० ते ११, जॅझचा प्रत्येकी ७ ते ८. रीडिंगच आलं नाही तर गुंडाळीची केसासारखी तार तुटली आहे. बहुतेक वेळा ती गंजून सुरुवातीच्या टोकापाशी तुटते. नॉब खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मूळ सोल्डर उकलू नका. जुन्या वाद्याची निम्मी किंमत तिथेच जाते, असं माझं मत.

आता जडपणा. ५२–११० च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) फ्लॅटवाउंड नेहमीच्या ४५–१०५ पेक्षा जास्त ओढतात. मान पुढे वाकते, तारा उचलल्या जातात, बोटं दुखतात. दोष तारांचा नाही, त्यांच्यानंतर सेटअप न केल्याचा आहे. तारा सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबणारा चिमटा) लावा, सगळ्यात जाड ई (E) तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट, म्हणजे रिलीफ, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. टॅपेट लावणाऱ्या मोटरसायकल मेकॅनिककडे ते असतं. सव्वासात इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डच्या गोलाईच्या) जुन्या मानेला ०.३५ मि.मी. हवी. ती जमल्यावरच सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) हात लावायचा: सतराव्या फ्रेटवर ई खाली २.८ आणि जी खाली २.४ मि.मी. उलट क्रमाने केलं की दोन्ही बिघडतं. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच जाड तारेला अरुंद पडत असेल तर सुरात आणताना ‘टक्’ असा आवाज येतो. ती नट फाइलने रुंद करा, खोल नाही.

ट्रस रॉडची भीती मात्र रास्त आहे. जुन्या फेंडरवर रॉड आवळायचा नट मानेच्या बुडाशी असतो, म्हणजे तारा सैल करून चार स्क्रू काढून मान बाहेर घ्यावी लागते. एका वेळी फार तर पाव फेरा, परत जोडा, सुरात आणा, मोजा. अडला तर जोर नको. पूर्ण सोडून आटे साफ करा, थेंबभर तेल द्या. तरी नट शेवटाला टेकत असेल तर एक पातळ वॉशर लागतो. मान बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात ‘खट्’ करून पडला की मग आवळा. नाहीतर लाकडातले आटे जातात, आणि तेव्हा तुमची तक्रार खरी ठरेल.

करून देणार कोण, हेही विचारलंत. वरचं सगळं घरी होतं. फक्त फ्रेट फार झिजले असतील तर सतारवाल्याकडे नेऊ नका. त्याचे पडदे बांधलेले असतात, ही कला वेगळी. सॅडलचे गंजलेले स्क्रू बदलायचे तर अमेरिकन बेसला इंची आट्यांचे लागतात, जपानीला मेट्रिक. हार्डवेअरच्या दुकानातला ‘चालतोय की’ म्हणून दिलेला मेट्रिक स्क्रू दाबून बसवला की सॅडल गेलं. जुनं सॅडल नमुन्याला घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या टर्नरकडे जा, तो आटे मोजून देईल.

आणि पावसाळ्यात लावलेला रिलीफ फेब्रुवारीत पुन्हा मोजा. खानापूरकडच्या ओलीत तर नक्कीच.