लेथ, व्हीएफडी आणि सिंगल फेज मोटर: खुलासा

‘लेथच्या सिंगल फेज मोटरला व्हीएफडी जोडा, बेल्ट न बदलता हवा तो वेग मिळवा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. व्हीएफडी म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. या ड्राइव्हचं इनपुट सिंगल फेज असू शकतं, पण नेहमीच्या व्हीएफडीचं आउटपुट थ्री फेजच असतं. मॅन्युअल उघडून खात्री करा. कपॅसिटर-स्टार्ट मोटरचा वेग उतरला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग आला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) पुन्हा मिटतो, स्टार्टिंग वाइंडिंग चालूच राहतं आणि जळतं.

मोटर थ्री फेजच घ्या. २३० व्होल्टच्या ड्राइव्हवर, नेमप्लेटवर डेल्टा २३०, स्टार ४१५ (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती आणि त्यांचे व्होल्ट) असेल तर जोडणी डेल्टात करा. आणि बेल्ट कमी वेगाच्या पुलीवर घेतल्यावर टॉर्क (फिरवायची ताकद) वाढतो, फ्रिक्वेन्सी उतरवल्याने नाही. मोठ्या व्यासाच्या जॉबला (लेथवर लावलेल्या तुकड्याला) बॅकगिअर, म्हणजे वेग उतरवून टॉर्क वाढवणारे गिअर, लागणारच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.