वरळीचं मारुत, म्युनिकचं मारुत

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ या लढाऊ विमानाने हवाई दलाचा निरोप घेतला आणि त्याच संध्याकाळी आमच्या दादरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. एकाचं म्हणणं, ही विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनायची, तेव्हा एक तरी मुंबईत आणून शिवाजी पार्काजवळ उभं करा. दुसऱ्याने उत्तरादाखल त्याच्या गल्लीतल्या खड्ड्याचा फोटो टाकला. तिसरा अजून भंगारात गेलेल्या जुन्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवरच अडकलेला: जी बोट राखू शकले नाहीत ते विमान काय राखणार? मी तोंड उघडायच्या आत टोमणा आला, ‘तू म्युनिकला बसून बोलू नकोस. तुमच्याकडे सगळं काचेच्या कपाटात असतं.’

कपाटात नसतं. म्युनिकहून एस-१ लोकल पकडायची, ओबरश्लाइसहाइमला उतरायचं, पंधराएक मिनिटं चालायचं. १९१२ सालचा जुना लष्करी विमानतळ आहे. तिथल्या हँगरमध्ये डॉइचेस म्युझियमने आपली विमानं ठेवली आहेत. स्टारफायटर, फँटम, पूर्व जर्मनीचं मिग-२१. रविवारी मी डबा आणि कॅमेरा घेऊन जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कोपऱ्यात ओळखीचं नाक दिसलं आणि पाय थांबले. आपलं मारुत! भारतात बनलेलं लढाऊ विमान, एचएफ-२४.

त्याचं इथे असणं तसं योग्यच. ते आखलं कुर्ट टांक या जर्मन इंजिनियरने. दुसऱ्या महायुद्धात फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान बनवणारा हा माणूस युद्धानंतर आधी अर्जेंटिनात गेला आणि १९५६ मध्ये बंगळुरूला, हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आला. १७ जून १९६१ ला मारुत पहिल्यांदा उडालं. पण ज्या ताकदीचं इंजिन गृहीत धरून आराखडा केला होता ते कधी मिळालंच नाही. दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं. अंग वाघाचं, दम बोकडाचा, असं माझा मामा म्हणतो. (मामा नेव्हल डॉकयार्डात फिटर होता, त्यामुळे हवाई दलाच्या वस्तूंबद्दल त्याचं मत असंच असायचं.) तरीही १४७ बनली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली.

मी ग्रुपवर एवढंच विचारलं: वरळीचं विमान शेवटचं कधी पाहिलंत? नेहरू विज्ञान केंद्राच्या बागेत मारुत आहे. पुण्यात कमला नेहरू पार्कातही आहे. उत्तरं मजेशीर आली. ‘सहावीच्या सहलीला.’ ‘ते नॅट आहे ना?’ ‘मिगच आहे, मी पंखाखाली बसून डबा खाल्लाय.’ दादरहून टॅक्सीने वीस मिनिटांवर असलेल्या विमानाचं नाव एकालाही धड आठवेना, आणि भांडण चाललंय नवीन विमान कुठल्या चौकात ठेवायचं याचं. खड्डेवाल्याशी माझं पटत नाही, पण चौथऱ्यावरच्या विमानाची हौसही मला आता राहिलेली नाही. चौकात ठेवलेलं विमान पहिल्या पावसाळ्यापर्यंत विमान असतं. पुढे तो पत्ता होतो: ‘विमानाच्या इथून डावीकडे घ्या.’

विक्रांतबद्दल माझं मत ऐकून मामा दोन दिवस बोलला नव्हता. माझ्या मते बोट राखणं आपल्या आवाक्यातलं नव्हतंच. खाऱ्या पाण्यात उभी असलेली ती अजस्र वस्तू रोज खर्च मागते. २०१४ मध्ये ती मुंबईतच, जहाजं तोडतात त्या दारूखाना भागात, तोडायला गेली. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं संग्रहालय करायला तर राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूरही केला होता, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती मुंबईहून गुजरातेत अलंगला तोडायला गेली. विमानाचं तसं नाही. त्याला छप्पर लागतं, वर्षाला रंगाचा हात लागतो आणि टायरमध्ये कुत्री झोपणार नाहीत एवढं बघणारा माणूस लागतो.

आणि फोटो काढू द्यावा लागतो. मागच्या सुट्टीत एका कुंपणाच्या दारात, चौथऱ्यावर उभ्या निवृत्त विमानाचा मी फोटो काढला. सुरक्षारक्षकाने तो त्याच्यासमोर डिलीट करायला लावला. विमान बसच्या वरच्या मजल्यावरून अख्ख्या मुंबईला दिसतं हो! त्याला बोल लावत नाही, त्याला ‘फोटो काढू नये’ अशी पाटी दिली होती. जर्मनीतही लष्करी तळांचे सुरक्षेला धोका होईल असे फोटो काढणं गुन्हाच आहे, तिकडे सगळी मोकळीक आहे असं समजू नका. पण भिंतीआडचं झाकायचं आणि लोकांनी पाहावं म्हणून बाहेर ठेवलेलं पाहू द्यायचं, हा फरक तिथल्या रक्षकाला सांगावा लागत नाही.

तिकडचं सगळं हेवा करण्यासारखं आहे असंही नाही. श्लाइसहाइमला रविवारी इतकी शांतता असते की माझ्या शटरचा आवाज मलाच खटकतो. माझ्या मजल्यावरच्या आजींना मी एकदा चला म्हटलं. त्या लहानपणी तळघरात बसून डोक्यावरून जाणारी विमानं ऐकत होत्या. ‘मला ती बंद पडलेली बघायचीसुद्धा नाहीत,’ म्हणाल्या. विक्रांत संग्रहालय असताना मामा मला तिच्यावर घेऊन गेला होता, तेव्हा तिथल्या सी हॉक आणि अलिझे विमानांभोवती पोरांचा गोंधळ, आयांच्या हाका. आणि ४ डिसेंबर १९७१ ला हीच सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, कॉक्स बझारवर हल्ल्याला गेली होती हे मामा अनोळखी लोकांना ओरडून सांगत होता. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आजींना भेटल्यानंतर त्या टाळ्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो, पण त्या गर्दीतला मामा मला श्लाइसहाइममध्ये कुठेच सापडलेला नाही. तिथे विमानाशेजारी माहितीफलक असतो, माणूस नसतो.

विक्रांतचं पोलाद वितळवून बजाजने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली, ती मामेभावाने हौसेने घेतली. मामा रोज टाकीवरून फडकं फिरवायचा. मागे मात्र एकदाही बसला नाही.

डिसेंबरात येतोय. मामाला वरळीला न्यायचं ठरलंय. तो अठ्ठ्याहत्तरचा आहे, चालणं कमी झालंय. फोनवर पहिला प्रश्न आला, ‘तिथे बाक आहे का रे?’ दुसरा, ‘तुझ्या जर्मनीतल्या मारुतचा फोटो मोठा करून आण. दोन्ही शेजारी धरून बघू. रिव्हेटं त्यांनी बदलली असतील तर मला लगेच कळेल.’